अंगावर चढवायचे यंत्र

अमित गॉफर हे इस्रायलमधले अभियंते. १९९७ मध्ये एका अपघातात त्यांच्या मानेला जबर इजा झाली आणि हातापायांतली ताकद गेली. आता व्हीलचेअरवरच आयुष्य काढायचे, हे मान्य करायची त्यांची तयारी नव्हती. कंबरेला आणि गुडघ्यांना मोटारी, मांड्या-पोटऱ्यांना पट्टे, जोडीला बॅटरी अशी एक चौकट त्यांनी आखली आणि २००१ मध्ये कंपनी काढली. त्या कंपनीचे ‘रीवॉक’ हे यंत्र जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडून घरी वापरण्याची परवानगी मिळालेले पहिले एक्सोस्केलेटन, म्हणजे अंगावर बाहेरून चढवायचा यांत्रिक सांगाडा, ठरले. कंबरेखाली लुळे पडलेली माणसे त्यात उभी राहिली, चालली. गॉफर यांना मात्र त्यात चालता आले नाही. ते यंत्र घातल्यावर तोल सांभाळायला दोन्ही हातांत कुबड्या धराव्या लागतात, आणि त्यांच्या हातांत तेवढा जोर नव्हता. पुढे त्यांनी आपल्यासारख्यांना उभे राहून फिरता येईल असे चाकांचे वेगळे साधन केले.

यात गॉफर यांचा काही दोष नाही. कोणतेही यंत्र कोणत्या तरी शरीरासाठीच आखावे लागते, आणि ते आखताना बाकीची शरीरे बाहेर राहतात. या पुस्तकाचा विषय इथूनच सुरू होतो. अंगावर घालायच्या रोबोची पट्टी किती लांब, मोटार किती ताकदीची, बॅटरी किती वजनाची हे ठरवता ठरवता अभियंता आणखी बरेच काही ठरवून टाकतो. ते यंत्र कोणाच्या अंगाला बसेल, घालायला कोणाची मदत लागेल, घालून पडल्यास दोष कोणाच्या माथी येईल, बिघडल्यास दार कोणाचे ठोठावायचे. हे प्रश्न नंतर वकिलांवर किंवा नीतिसमितीवर सोपवू म्हणून बाजूला ठेवले जातात. पण तोवर त्यांची निम्म्याहून अधिक उत्तरे ॲल्युमिनियममध्ये कापून झालेली असतात. आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून एक्सोस्केलेटन करणारे विद्यार्थी आता भेटतात. त्यांच्या हातात हे प्रश्न आराखड्याच्या पहिल्या दिवशीच असावेत, असे मला मनापासून वाटते.

कल्पना तशी जुनी आहे. १८९० मध्ये निकोलस यागन या रशियन संशोधकाने चालणे, धावणे आणि उडी मारणे सोपे करणाऱ्या साधनाचे अमेरिकेत पेटंट घेतले होते. १९६५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ‘हार्डिमन’ हाती घेतला. माणसाला शेकडो किलो वजन लीलया उचलता यावे हा त्यामागचा हेतू, आणि यंत्राचे स्वतःचेच वजन सुमारे ६८० किलो. पूर्ण यंत्र एकदम चालू केले की ते बेफाम हिसके देई, त्यामुळे माणूस आत बसवून ते पुरते चालवणे कधी जमलेच नाही. एका हातापुरते यश पदरात घेऊन १९७१ मध्ये काम थांबले. त्याच सुमारास बेलग्रेडच्या मिहाइलो पुपिन संस्थेत मिओमिर वुकोब्राटोविच यांचा गट पाय निकामी झालेल्यांना चालवणारे यंत्र करत होता. आज या घराण्यात पक्षाघातानंतर चालायला शिकवणारे कापडी सूट आहेत, मोटारीवर चालणारे कृत्रिम पाय आहेत, कारखान्यात खांद्याला आधार देणारी जाकिटे आहेत आणि सैनिकांच्या पाठीवरचे ओझे वाहणाऱ्या चौकटीही आहेत.

कारखान्यातला जुना रोबो जाळीच्या कुंपणात उभा असतो. माणूस कुंपण ओलांडून आत आला की यंत्र बंद पडायचे, हा त्याच्या सुरक्षेचा पाया. अंगावरच्या रोबोत हा पायाच उरत नाही. माणूस यंत्राच्या आत आहे, पट्ट्यांनी बांधलेला आहे, आणि यंत्र एकाएकी बंद पडणे हाच कित्येकदा मोठा धोका असतो. उभ्या माणसाच्या गुडघ्यातली वीज गेली तर तो कोसळतो. व्यक्तिगत सेवेच्या रोबोंसाठी २०१४ मध्ये आलेल्या आयएसओ १३४८२ या आंतरराष्ट्रीय मानकात अंगावर बांधायच्या साहाय्यक रोबोंचा वेगळा विचार केला आहे, तो याच कारणाने.

हे जवळून पाहण्यासारखे आहे. वापरणारा आपल्या व्हीलचेअरवरून हातांच्या जोरावर सरकून शेजारी मांडून ठेवलेल्या यंत्रात बसतो. पावले तळपट्टीसकट बुटात जातात. मग पोटरीचा पट्टा, गुडघ्याखालचा, मांडीचा, कंबरेचा. फिजिओथेरपिस्ट प्रत्येक पट्ट्याखालून बोट फिरवून बघतो. पँटची जाड शिवण, खिशात राहिलेले नाणे, मोज्याची चुणी. धडधाकट माणसाला ती चुणी दोन मिनिटांत टोचली असती आणि त्याने पाय हलवला असता. मज्जारज्जूला इजा झालेल्याला ती जाणवतच नाही. संध्याकाळी यंत्र उतरवल्यावर तिथे लाल चट्टा दिसतो. तो वेळीच लक्षात आला नाही तर जखम होते, आणि ती जखम भरेपर्यंत माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळतो. चालायला म्हणून घेतलेल्या यंत्राने रोजची व्हीलचेअरसुद्धा हिरावून घेतली, असे होऊ शकते.

दुसरी गोष्ट गुडघ्याची. माणसाचा गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एका जागी फिरत नाही. वाकताना मांडीचे हाड नडगीवर थोडे घरंगळते, थोडे घसरते, आणि फिरण्याचा अक्ष सरकत जातो. यंत्राचा सांधा मात्र सहसा एकाच अक्षाभोवती फिरतो. दोन्हींतला फरक एखाद्या सेंटीमीटरचा असला तरी प्रत्येक पावलाला तो कातडी आणि हाड यांवर ताण देतो. वर्षानुवर्षे भार न पडल्यामुळे लुळ्या पायांची हाडे आधीच विरळ झालेली असतात. एक्सोस्केलेटन वापरताना पायाचे हाड मोडल्याच्या घटना नोंदवल्या गेल्या आहेत, आणि हाड मोडले तरी माणसाला कळ येत नाही. म्हणून सांधा सरकता ठेवायचा की खर्च वाचवायला साधा बसवायचा, हा निर्णय घेणाऱ्याने आपण फक्त यंत्रशास्त्राचा निर्णय घेतो आहोत असे समजू नये. ज्याला दुखणे जाणवत नाही त्याच्या वतीने तो निर्णय घेतला जात असतो.

तिसरी गोष्ट, पाऊल नेमके कोणाचे? रीवॉकमध्ये वापरणारा मनगटावरच्या घड्याळासारख्या नियंत्रकावर चालण्याची अवस्था निवडतो आणि अंग किंचित पुढे झुकवतो. धडाचा कल ओळखणारा संवेदक त्यावरून ‘याला पाऊल टाकायचे आहे’ असे ठरवतो आणि मोटारी पाय उचलतात. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातले योशियुकी सांकाई यांचे ‘हाल’ हे यंत्र याहून वेगळ्या वाटेने जाते. मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या आज्ञेची क्षीण विद्युतलहर ते कातडीवर टिपते. दोन्हीकडे यंत्र माणसाच्या मनातले ओळखायचा प्रयत्न करत असते. आता असे समजा की चालीच्या अवस्थेत असलेला माणूस घरातल्या आजींना नमस्कार करायला वाकला, संवेदकाने ते झुकणे चाल म्हणून वाचले, पाय पुढे गेला आणि दोघेही पडले. संवेदकाने सांगितल्याप्रमाणे काम केले, मोटारीने चोख केले, माणसानेही काही वावगे केले नाही. तरी आजींचा खुबा मोडला.

आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर निर्माता, विक्रेता आणि सेवा देणारा यांच्याकडून भरपाई मागता येते. पण आधी दोष दाखवावा लागतो, आणि वरच्या प्रसंगात दोष कोणा एकाकडे बोट दाखवून सांगता येत नाही. तो माणूस आणि यंत्र यांच्या मधल्या सांध्यात आहे. म्हणून माझे ठाम मत आहे की प्रत्येक यंत्राने शेवटच्या काही मिनिटांची नोंद ठेवली पाहिजे: संवेदकाने काय वाचले, यंत्राने काय ठरवले, मोटारीने काय केले. आणि ती नोंद वापरणाऱ्याला मागताक्षणी, वाचता येईल अशा रूपात मिळाली पाहिजे. ती फक्त कंपनीच्या संगणकावर राहिली तर पडलेला माणूस ग्राहक आयोगासमोर रिकाम्या हाताने उभा राहील.

वैद्यकीय उपकरणांच्या कायद्यापुरते बोलायचे तर आपल्याकडे चौकट आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे, आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली. व्याख्येत इजा किंवा अपंगत्वासाठी साहाय्य करणारी उपकरणेही येतात. त्यामुळे पाय निकामी झालेल्याला चालवणारे एक्सोस्केलेटन या कक्षेत बसते. कामगाराचा खांदा दुखू नये म्हणून दिलेले जाकीट मात्र त्या व्याख्येत सरळ बसत नाही. अंग तेच, पट्टे तेच, जोखीमही पुष्कळशी तीच. फक्त उद्देशाच्या रकान्यात काय लिहिले यावरून एकाची कसून तपासणी होते आणि दुसऱ्याची होत नाही. या फटीकडे लक्ष द्यायला हवे.

पण कायद्याच्या आधी एक प्रश्न येतो आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. या माणसाला काय हवे आहे, हे कोणी ठरवले?

२००४ मध्ये किम अँडरसन या संशोधिकेने मज्जारज्जूच्या दुखापतीसह जगणाऱ्या ६८१ जणांना विचारले की कोणती शक्ती परत मिळाली तर तुमचे आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल. अँडरसन स्वतः अशाच दुखापतीसह जगतात. ज्यांचे हात आणि पाय दोन्ही गेले होते त्यांनी हात आणि बोटे मागितली. ज्यांचे फक्त पाय गेले होते त्यांनी लैंगिक क्षमता पहिली सांगितली. लघवी आणि शौचावरचा ताबा, धड सावरण्याची ताकद हेही दोन्ही गटांत वर होते. चालणे कोणत्याच गटात पहिले आले नाही. हा अभ्यास या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असतो. तरीही पैसा, प्रसिद्धी आणि विद्यार्थ्यांची कल्पनाशक्ती चालण्याकडेच धावते. कारण उघड आहे. व्हीलचेअरवरून उठून चालणारा माणूस छायाचित्रात दिसतो. कॅथेटरशिवाय गेलेला दिवस दिसत नाही.

१२ जून २०१४ रोजी साओ पाउलोत फुटबॉलच्या विश्वचषकाचे उद्घाटन होते. ब्राझीलचे मेंदूशास्त्रज्ञ मिगेल निकोलेलिस यांच्या गटाने बनवलेले, मेंदूच्या लहरींवर चालणारे एक्सोस्केलेटन घालून कंबरेखाली लुळ्या असलेल्या एका तरुणाने चेंडूला पाय लावला. जगभर कौतुक झाले, आणि टीकाही. मला त्या तरुणाचे कौतुक आहे, संशोधनाचेही आहे. पण कोट्यवधी प्रेक्षकांपर्यंत त्यातून पोचलेला संदेश असा होता की अपंगत्वाचा शेवट म्हणजे पुन्हा पायांवर उभे राहणे. व्हीलचेअरवरून नोकरी करणाऱ्या, संसार करणाऱ्या, निवडणूक लढवणाऱ्या माणसाला हा संदेश ‘तू अजून अपुरा आहेस’ असाच ऐकू येतो. रस्त्याला उतार आणि इमारतीला लिफ्ट देण्याची समाजाची जबाबदारी त्यातून अलगद त्या माणसाच्या खांद्यावर सरकते: यंत्र आले आहे ना, मग आता तूच जिने चढ. २०१६ च्या आपल्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सुगम्य इमारती आणि वाहतूक हा हक्क मानला आहे. कोणत्याही यंत्राने त्या हक्काला पर्याय म्हणून उभे राहता कामा नये.

याचा अर्थ चालणे किंवा उभे राहणे क्षुल्लक आहे असा मुळीच नाही. उभ्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलणे, मिठी मारताना समोरच्याला वाकावे न लागणे, वरच्या फळीवरचा डबा स्वतः काढणे, या गोष्टींचे मोल वापरणारेच सांगू शकतात आणि ते मोल ते भरभरून सांगतात. माझी हरकत मोजमापाला आहे. चालण्याचा वेग घ्या. २०१५ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात एक्सोस्केलेटनमध्ये चालण्याचा सरासरी वेग सेकंदाला ०.२६ मीटर निघाला. या वेगाने बारा मीटर रुंद रस्ता ओलांडायला पाऊण मिनिट लागते. यंत्रे त्यानंतर सुधारली, तरी घरातल्या वापराचा लाभ गृहीत धरता येत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेली मोठी चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. व्हीलचेअरच्या जोडीला घरी एक्सोस्केलेटन दिलेल्यांत आणि नुसती व्हीलचेअर असलेल्यांत मानसिक आरोग्य, वेदना, शौच-लघवीचे त्रास यांबाबत अपेक्षित फरक दिसला नाही. असे निकाल प्रामाणिकपणे छापले जातात, हीच या शास्त्राची ताकद आहे. नव्या यंत्राच्या जाहिरातीतही ते तितक्याच ठळकपणे यायला हवेत. संमतीपत्रावर सही करणारा माणूस बहुतेक वेळा फार मोठी आशा घेऊन बसलेला असतो. त्या आशेला खरी माहिती देणे हे सौम्य शब्दांत करता येते, पण टाळता येत नाही.

आता आपल्या घरात या. रीवॉकसाठी वापरणाऱ्याची उंची १६० ते १९० सेंटीमीटर असावी लागते आणि वजन १०० किलोपर्यंत. भारतीय स्त्रीची सरासरी उंची १५२ सेंटीमीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडच्या बहुसंख्य स्त्रिया पैशाचा प्रश्न येण्याआधीच, मोजपट्टीपाशीच बाद होतात. कोणी मुद्दाम केलेले नाही. ज्या शरीरांवर मोजमापे घेतली ती शरीरे वेगळी होती, इतकेच. पण परिणाम तोच. त्यात नेसणे-घालणे आले: साडीवर किंवा घेरदार सलवारीवर मांडीचे पट्टे कसे बांधायचे? पाळीच्या दिवसांत काय? जमिनीवर बसून जेवणाऱ्या घरात, भारतीय पद्धतीच्या संडासात, उंबरठा असलेल्या दोन खोल्यांत, पावसाळ्यात चिखल झालेल्या गल्लीत हे यंत्र काय करील? स्त्रीच्या अंगाला पट्टे बांधायला घरात कोण आहे आणि त्याच्या हाताने बांधून घेणे तिला चालेल का? हे प्रश्न किरकोळ वाटतात. पण यंत्र वापरात राहते की महिन्याभरात पलंगाखाली जाते, हे त्यांवरच ठरते. झुरिचजवळ २०१६ मध्ये झालेल्या ‘सायबॅथलॉन’ स्पर्धेत एक्सोस्केलेटनवाल्यांना सोफ्यावर बसून उठणे, उतार, जिना अशी रोजची कामे करायची होती. कल्पना उत्तम. आपल्याकडे अशी स्पर्धा भरवायची तर पाटावरून उठणे त्यात आधी घालावे लागेल.

यातच सोबतीचा विषय येतो. अमेरिकेत घरच्या वापरासाठी परवानगी देतानाच प्रशिक्षण घेतलेला सोबती जवळ असावा अशी अट होती. सुरक्षेच्या दृष्टीने ती बरोबर आहे. पण आपल्या घरांत हा सोबती म्हणजे बहुतेक वेळा आई, बायको किंवा बहीण. यंत्र घालणे, काढणे, चार्ज करणे, कातडी तपासणे, मागे हात धरून चालणे हे तिच्या दिवसात आणखी एक काम म्हणून येते. यंत्राने त्या माणसाला किती स्वावलंबी केले याचा हिशेब मांडताना तिचे तास त्यात धरलेच पाहिजेत. आजवर मी वाचलेल्या माहितीपत्रकांत ते दिसलेले नाहीत.

दुरुस्तीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण या विषयात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. अमेरिकेतल्या एका माजी जॉकीला घोड्यावरून पडून कंबरेखाली अधूपण आले होते. लाखभर डॉलरचे एक्सोस्केलेटन घेऊन तो जवळपास दहा वर्षे चालत होता. २०२४ मध्ये मनगटावरच्या नियंत्रकात वीजजोडणीचा किरकोळ बिघाड झाला. कंपनीने सांगितले, पाच वर्षांहून जुन्या यंत्राचे काम आम्ही करत नाही. किरकोळ बिघाडापायी माणूस पुन्हा खुर्चीला खिळला. बातमी झाली, समाजमाध्यमांवर गदारोळ झाला, तेव्हा कुठे दुरुस्ती झाली. ज्याची बातमी होत नाही त्याचे काय? डोळ्यांच्या बाबतीत याहून वाईट घडून गेले आहे. ‘सेकंड साइट’ या कंपनीने ३५० हून जास्त अंध व्यक्तींना कृत्रिम दृष्टिपटल बसवले, २०१९ मध्ये ते बनवणे थांबवले, आणि पुढे ती आर्थिक संकटात सापडली. ज्यांच्या डोळ्यांत ते उपकरण आहे त्यांना सुटे भाग आणि मदत मिळेनाशी झाली.

मोबाइल जुना झाला की नवा घ्यावा लागतो, त्याची चीड येते आणि ओसरते. शरीराचा भाग झालेल्या यंत्राला हा न्याय लावता येत नाही. दहा वर्षे एखाद्या यंत्रात चाललेल्या माणसाची चाल, घर, नोकरी, मित्रमंडळींतली जागा त्या यंत्राभोवती बेतलेली असते. म्हणून सुटे भाग किती वर्षे मिळतील, कंपनी बुडाली तर आराखडे आणि सॉफ्टवेअर कोणाच्या स्वाधीन होतील, स्थानिक कारागिराला यंत्र उघडता येईल का, हे विक्रीच्या करारात लिहिलेले असले पाहिजे. आपल्या देशाला याचा धडा बाहेरून घ्यायची गरज नाही. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला जयपूर फूट अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, चिखलात काम करणाऱ्या माणसासाठी होता, आणि तो गावातल्या साधनांनी दुरुस्त होईल असा होता. डॉक्टर आणि कारागीर यांनी शेजारी बसून, वापरणाऱ्याकडे बघत केलेले ते काम होते. एक्सोस्केलेटन कितीतरी गुंतागुंतीचे आहे, हे खरे. पण गुंतागुंतीच्या नावाखाली दुरुस्तीचा हक्क सोडून देण्याचे कारण नाही.

पैशाचा प्रश्न याला लागूनच आहे. जपानने ‘हाल’ला २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली आणि पुढच्या वर्षीपासून काही स्नायू-मज्जातंतूंच्या आजारांसाठी ते सार्वजनिक विम्यात आणले. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने २०२४ पासून घरगुती एक्सोस्केलेटनला पट्टे-आधार या गटात धरून सुमारे ९१ हजार डॉलर मोजायला सुरुवात केली. आपल्याकडे केंद्र सरकारची साहाय्यक साधनांची योजना आणि कानपूरची अलिम्को यांच्यामार्फत कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी सायकली मिळतात. पंचाहत्तर-ऐंशी लाख रुपयांच्या यंत्राचे काय करायचे, हा प्रश्न तिथे अजून दारातच आहे. माझे मत विचाराल तर व्यक्तीव्यक्तीला असे यंत्र देण्याच्या घोषणेपेक्षा जिल्ह्याच्या पुनर्वसन केंद्रात एक यंत्र, दोन प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आणि एक दुरुस्ती करणारा असणे अधिक न्यायाचे होईल. आणि त्याआधी प्रत्येकाला अंगाच्या मापाची, हलकी, चांगली व्हीलचेअर. ती अजूनही सगळ्यांना मिळत नाही.

पुनर्वसनाकडून कारखान्याकडे वळले की प्रश्न पालटतात. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने सात देशांतल्या पंधरा कारखान्यांत कामगारांना खांद्याला आधार देणारी स्प्रिंगची जाकिटे दिली. डोक्यावरच्या गाडीच्या तळाला बोल्ट बसवणारा कामगार दिवसातून सरासरी ४,६०० वेळा हात वर करतो, असे कंपनीनेच सांगितले होते. इतक्यांदा हात वर करणाऱ्याला आधार मिळाला तर त्यात आनंदच आहे. पण जाकीट घातलेला कामगार उद्या ४,६०० ऐवजी ६,००० वेळा हात वर करणार असेल तर आराम कोणाचा झाला? जाकीट नको म्हणण्याचा हक्क त्याला आहे का, की नको म्हणणारा आळशी ठरेल? खांद्यावरचा भार कमी होतो तेव्हा तो कंबरेवर कुठे जातो, याचा वर्षानुवर्षांचा अभ्यास कोण करणार?

ओझ्याच्या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राला ठाऊक आहे. बाजार समित्यांत हमालांनी शंभर किलोची पोती पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर वाहिली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोवर आणावी अशी शिफारस केली होती. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, आणि हमालांच्या संघटनांनी पन्नास किलोच्या गोणीची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. हमालांना शंभर किलो उचलण्याची ताकद नको होती, त्यांना पोते हलके हवे होते. हमालाच्या पाठीवर यंत्र चढवण्याआधी पोत्याचे वजन, कामाचे तास, ट्रकच्या फळीची उंची बदलता येते का, हे विचारणे आराखडा करणाऱ्याच्या कामातच मोडते. सर्वांत स्वस्त बदल बहुतेक वेळा अंगाबाहेरच सापडतो.

अंगावरचे यंत्र माहितीही गोळा करते. किती पावले, किती वेळा वाकणे, कितीदा थांबणे, संडासला किती वेळ. माणसाची चाल ही त्याच्या चेहऱ्याइतकीच त्याची ओळख असते. कंपवातासारख्या आजाराच्या खुणा तिच्यात आधी दिसू शकतात. युरोपच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीत आरोग्याच्या माहितीला खास संरक्षण आहे. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संवेदनशील माहितीचा असा वेगळा वर्ग ठेवलेला नाही, आणि नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा त्यात आहे. जाकिटातला संवेदक कामगाराच्या पाठीसाठी आहे की पर्यवेक्षकाच्या तक्त्यासाठी, हे कायदा आपोआप ठरवून देणार नाही. आराखडा करणारा मात्र ठरवू शकतो. जी माहिती गोळाच केली नाही, तिचा गैरवापर होत नाही. जिची गरज आहे ती यंत्रातच ठेवून रोज पुसता येते.

लष्करी वापराबद्दल इथे फार लिहीत नाही, त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. एवढेच नोंदवतो की ‘हाल’चे निर्माते सांकाई यांनी आपले तंत्रज्ञान युद्धासाठी देणार नाही अशी भूमिका घेतली आणि आपली कंपनी भांडवल बाजारात आणताना मतदानाच्या हक्कांची रचनाही तसे घडू नये म्हणून केली. संशोधकाला आपल्या शोधाच्या वाटा बंद करता येत नाहीत, असे जे नेहमी म्हटले जाते ते पूर्ण खरे नाही.

युरोपातल्या संशोधकांच्या एका जाळ्याने २०२० मध्ये या प्रश्नांची तीन वर्तुळांत मांडणी केली: यंत्र आणि ते घालणाऱ्याचे स्वत्व, यंत्र घातलेल्याकडे इतरांची नजर, आणि संस्था व समाज. ती मांडणी उपयोगी आहे आणि पुढची प्रकरणे साधारण त्याच क्रमाने जातात. वाचताना मात्र ही वर्तुळे एकमेकांत मिसळलेली दिसतील. मोज्याच्या चुणीपासून विम्याच्या नियमापर्यंत एकच धागा जातो, आणि तो त्या यंत्रात बसलेल्या माणसाच्या अंगावरून जातो.

विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना एक विनंती आहे. संगणकावर पहिली रेष काढण्याआधी मुंबईत हाजी अलीजवळच्या भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत जा, पुण्यात खडकीच्या पॅराप्लेजिक केंद्रात किंवा कृत्रिम अवयव केंद्रात जा, तुमच्या तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपीचा विभाग असेल तर तिथे जा. यंत्र दाखवायला जाऊ नका, ऐकायला जा, आणि पुन्हा पुन्हा जा. तुमच्या गटात व्हीलचेअर वापरणारी किमान एक व्यक्ती पहिल्या दिवसापासून असू द्या. तिच्या वेळेचे मानधन प्रकल्पाच्या खर्चात धरा, आणि यंत्र नको असे ती म्हणाली तर तो प्रकल्प थांबवण्याचा अधिकार तिला द्या. हे पुस्तक अशा व्यक्तीच्या हाती पडले असेल, तर समासात हरकती लिहा आणि प्रकाशकांकडे पाठवा. पुढच्या आवृत्तीत त्या छापल्या जातील.